इन्सुलिन पंपाचा क्लेम पुन्हा पुन्हा परत येतोय? आधी पत्रातलं कारण बघा

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत टाइप १ मधुमेहाच्या मुलांचे आईवडील भेटले की बोलणं फिरून एकाच जागी येतं. पंपाची, म्हणजे शरीरात सतत इन्सुलिन सोडणाऱ्या छोट्या यंत्राची, फाइल विम्याकडे पाठवली, बरेच दिवस वाट पाहिली आणि ‘देय नाही’ असं दोन ओळींचं पत्र आलं. मग कोणीतरी सांगतं की डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. ते जोडून फाइल पुन्हा जाते आणि पुन्हा तसंच पत्र येतं. तिसऱ्या वेळी माणूस थकतो आणि फाइल कपाटात जाते.

आमच्या घरी मुलगा पंपावर आहे, त्यामुळे हे कागद मी स्वतः हाताळले आहेत. नंतर ओळखीतल्या बऱ्याच घरांची पत्रं वाचायला मिळाली. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. कागद कमी पडल्यामुळे परत आलेले क्लेम थोडे असतात, चुकीच्या पॉलिसीकडे गेल्यामुळे परत आलेले जास्त. आरोग्य विमा दवाखान्यातल्या उपचाराचा असतो. पंप ही कमरेला लावून शाळेत, शेतात, एसटीत नेण्याची लाखांच्या घरातली वस्तू आहे. वस्तू फुटली, चोरीला गेली, पाण्यात पडली तर त्याची भरपाई वस्तूच्या विम्यातून येते, आणि तो विमा बहुतेक घरांनी काढलेलाच नसतो. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा अनेकांना पंप देते. तिथेही लोक तो घरच्या विम्यात नावानिशी लिहून घेतात किंवा त्याचा वेगळा विमा काढतात. आपल्याकडे तर पंप आपल्याच पैशाचा, बऱ्याचदा सोनं मोडून किंवा कर्ज काढून घेतलेला. तो विम्याशिवाय फिरतो याची मला खरोखर काळजी वाटते.

म्हणून हातात जे पत्र आहे त्यातलं कारण आधी नीट वाचा. कारणानुसार उपाय बदलतो.

पत्रात ‘बाह्य टिकाऊ उपकरण’ असं लिहिलंय

सगळ्यात जास्त येणारं पत्र हेच. आरोग्य पॉलिसीच्या न मिळणाऱ्या खर्चांत घरी वापरायच्या उपकरणांचं एक कलम असतं. सीपॅप, बायपॅप, इन्फ्युजन पंप, वॉकर, ग्लुकोमीटर, मधुमेहींची पादत्राणं अशी नावं त्यात एका ओळीत असतात. इन्सुलिन पंप कधी नावाने असतो, कधी ‘इत्यादी’मध्ये धरला जातो. तुमच्या पॉलिसीत हे कलम असेल तर पंपाच्या खरेदीचं बिल त्यातून निघणार नाही. डॉक्टरांनी ‘अत्यावश्यक’ असं लिहून दिलं तरी कलम बदलत नाही. इथे जोर लावण्यात वेळ घालवू नका.

दोन गोष्टी मात्र तपासा. पहिली म्हणजे पॉलिसीला उपकरणांचा रायडर आहे का. काही कंपन्या आता जादा प्रीमियम घेऊन घरी वापरायच्या वैद्यकीय उपकरणांचा खर्च देतात. त्या रायडरची यादी बंद असते, म्हणजे जे नाव यादीत आहे तेवढंच मिळतं. यादीत ‘इन्फ्युजन पंप’ असेल तर त्यात इन्सुलिन पंप धरता का, हे रायडर घेण्याआधी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एजंट फोनवर ‘हो ताई, सगळं येतं त्यात’ म्हणतो त्याला क्लेमच्या वेळी काही किंमत नसते. दुसरी गोष्ट, नोकरीच्या ठिकाणचा ग्रुप विमा. त्याच्या अटी मालक आणि कंपनी आपसात ठरवतात, त्यामुळे कधीकधी त्यात ओपीडी किंवा उपकरणांसाठी वेगळी रक्कम ठेवलेली असते. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुप विम्यात गावाकडची मंडळी असतील तर एचआरकडून पूर्ण अटी मागवून घ्या. वेबसाइटवरचं एक पान पुरत नाही.

आणखी एक घोटाळा होतो. बहुतेक पॉलिसींच्या शेवटी एक यादी जोडलेली असते, जी रुग्णालयाने वेगळं बिल लावू नये अशा बाबींची असते. त्यात ‘इन्फ्युजन पंपाची किंमत’ आणि ‘ग्लुकोमीटर व पट्ट्या’ ही नावं आहेत. तिथला इन्फ्युजन पंप म्हणजे आयसीयूत सलाइनच्या स्टँडला लावतात तो. रुग्णालयाच्या बिलात नुसतं ‘पंप’ लिहिलं असेल तर टीपीएतला (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेतला) माणूस या यादीवर बोट ठेवून रक्कम कापतो. बिलात काय वापरलं ते पूर्ण नावाने लिहायला लावा.

पत्रात ‘एक्सक्ल ०४’ हा कोड आहे

हा न मिळणाऱ्या खर्चांचा (एक्सक्लूजनचा) प्रमाणित कोड आहे आणि सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत त्याचा अर्थ एकच: फक्त तपासणी आणि निरीक्षणासाठी दाखल झालात, म्हणून पैसे नाहीत. पंप सुरू करताना ‘एक रात्र ॲडमिट करून घेऊ, म्हणजे विम्यात बसेल’ असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो ऐकू नका. पंप बसवणं आणि त्याच्या सेटिंग्ज लावणं हे साधारणपणे ओपीडीत होतं. गरज नसताना दाखल होऊन केलेला क्लेम परत येतोच, शिवाय तुमच्या नावावर चुकीच्या क्लेमची नोंद होते. पुढे मूल खरंच आजारी पडेल तेव्हा तीच नोंद आडवी येईल.

पत्रात ‘एक्सक्ल ०१’ हा कोड आहे

इथे मात्र लढा. हा कोड आधीपासून असलेल्या आजाराच्या प्रतीक्षा कालावधीचा. पंपाच्या घरांत तो एका विशिष्ट वेळी येतो. कॅन्युला (त्वचेखालची बारीक नळी) वाकली, सेट (पंपापासून शरीरापर्यंतची नळी) निघाला किंवा पंप बंद पडला आणि मूल केटोॲसिडोसिसने (इन्सुलिन न मिळाल्याने रक्तात किटोन नावाची आम्लं साचण्याने) दाखल झालं, तेव्हा. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. लांब चालणारं इन्सुलिन शरीरात नसल्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांतच किटोन वाढू लागतात. या दाखल होण्याचा खर्च आरोग्य विम्यानेच द्यायचा आहे. पंपाची किंमत मिळत नाही म्हणून हाही मिळणार नाही असं समजून काही लोक अर्जच करत नाहीत, आणि त्यांचं नाहक नुकसान होतं.

१ एप्रिल २०२४ पासून हा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे, आधी तो ४८ महिने होता. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार हाच ‘आधीपासूनचा’ धरला जातो. पॉलिसी चालू झाल्यानंतर मुलाला टाइप १ निघाला असेल तर हा कोड लागू होत नाही.

तरी तो लावला जातो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा डिस्चार्ज समरीत सापडतं. रात्री दोन वाजता मूल उलट्या करत दवाखान्यात येतं, आई घाबरलेली असते आणि ड्युटीवरचे डॉक्टर विचारतात, ‘शुगर कधीपासून?’ आई म्हणते, ‘झाले असतील तीनेक वर्षं.’ खरं तर दोनही झालेली नसतात. कागदावर मात्र ‘तीन वर्षांपासून’ असं लिहिलं जातं आणि पॉलिसी अडीच वर्षांपूर्वीची असते. टीपीए तेवढी एकच ओळ उचलतो.

उपाय सोपा आहे. निदानाच्या वेळचा पहिला लॅब रिपोर्ट आणि पहिल्या ॲडमिशनची डिस्चार्ज समरी नीट जपून ठेवा. त्यावरून नेहमीच्या डॉक्टरांकडून तारखेसह पत्र घ्या आणि दवाखान्याकडून समरी दुरुस्त करून मागा. मुलाच्या बॅगेत एक कार्ड ठेवा आणि त्यावर निदानाची तारीख लिहा. दाखल करताना तोंडी सांगण्यापेक्षा ते कार्डच पुढे करा. पॉलिसी सलग ६० महिने चालली असेल तर त्यानंतर कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. हा नियम पत्रात लिहून कळवा.

आजार लपवून मात्र पॉलिसी काढू नका. प्रपोजल फॉर्मवर टाइप १ आणि पंप दोन्ही स्पष्ट लिहा, फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा. एजंटने स्वतःच भरलेला फॉर्म न वाचता सही करण्याची आपल्याकडची सवय इथे फार महागात पडते.

पंप फुटला, पडला, चोरीला गेला आणि आरोग्य विम्याने हात वर केले

या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा खड्डा हाच, म्हणून याबद्दल जरा सविस्तर.

अमळनेरकडच्या एका शेतकरी कुटुंबाची हकिकत सांगते. मुलगा कॉलेजातला, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून खाली उडी मारताना पंपाची क्लिप अडकली, नळी तुटली आणि पंप चाकाखाली गेला. पोरगा वाचला, घरी इन्सुलिनचं पेन होतं म्हणून शुगरही सांभाळली गेली. वडिलांनी आरोग्य विम्यात क्लेम टाकला, तो परत आला. पत्र घेऊन ते आमच्याकडे आले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, इमा शे ना, मंग पैसा काब्रं नही देतस?” (विमा आहे ना, मग पैसे का देत नाहीत?) त्यांच्याकडे ट्रॅक्टरचा विमा होता, पिकाचा होता, घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा होता. पंपाचा नव्हता. तसा काही प्रकार असतो हे त्यांना ना पंप विकणाऱ्यांनी सांगितलं होतं, ना एजंटने.

तसा प्रकार आहे. साधारण विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्या ‘ऑल रिस्क’ किंवा ‘पोर्टेबल इक्विपमेंट’ नावाने नेण्याआणण्याच्या महागड्या वस्तूंचा विमा काढतात. कुठे ती स्वतंत्र पॉलिसी असते, कुठे घरगुती पॅकेज पॉलिसीचा एक विभाग. जळगाव आणि धुळ्यात सरकारी साधारण विमा कंपन्यांच्या शाखा आहेत. तिथे जाऊन विकास अधिकाऱ्याशी समोरासमोर बोलणं ऑनलाइनपेक्षा चांगलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा असे ठरलेले पर्याय असतात आणि पंप त्यातल्या कशातच बसत नाही. तो ‘इतर’मध्ये टाकून पैसे भरले तर क्लेमच्या वेळी वाद होणार हे नक्की. शाखेतला माणूस पहिल्यांदा गोंधळेल, कारण इन्सुलिन पंप त्याने बहुधा पाहिलेलाच नसतो. मुलाला सोबत न्या, पंप दाखवा, बिल दाखवा. एका शाखेने नाही म्हटलं तर दुसऱ्या कंपनीकडे जा. वस्तू नवीन आहे, बिल आहे आणि सिरियल नंबर आहे, एवढं दिसलं की कोणीतरी तयार होतं.

‘भारत गृह रक्षा’ ही १ एप्रिल २०२१ पासूनची प्रमाणित घरविमा पॉलिसी यासाठी पुरेल का, असं बरेच जण विचारतात. ती आग, वीज, पूर, वादळ, भूकंप अशा संकटांपासून घर आणि घरातलं सामान सांभाळते. चोरीसाठी ती फक्त अशा संकटानंतरच्या ७ दिवसांत घरात झालेल्या चोरीपुरती आहे. पंप दिवसभर घराबाहेर असतो आणि बाहेरच फुटतो. घरासाठी ती जरूर घ्या, पण पंपासाठी तिच्यावर विसंबू नका.

ऑल रिस्क काढताना अर्जात नुसतं ‘मेडिकल मशीन’ लिहू नका. वर्णन असं लिहायला लावा:

“इन्सुलिन पंप, रुग्णाच्या शरीरावर चोवीस तास वापरात. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख व बिलाची रक्कम. मालक वडील, वापरणारा मुलगा. संरक्षण घरात आणि घराबाहेर, भारतात सर्वत्र. अपघाताने मोडतोड, पाण्यात पडणे, आग, चोरी.”

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे तेही समजून घ्या. बिल वडिलांच्या नावाने आणि वापर मुलाचा, असं असेल तर दोघांची नावं पॉलिसीत हवीत, नाहीतर ‘तुमचा या वस्तूत हितसंबंध काय’ असा प्रश्न निघतो. ‘भारतात सर्वत्र’ हे शब्द नसतील तर नंदुरबारहून सुरतला दवाखान्यात जाताना झालेलं नुकसान वादात पडेल. चोरी आणि हरवणं या विम्याच्या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठे गेला कळत नाही अशा हरवण्याला बऱ्याच पॉलिसी पैसे देत नाहीत, त्यामुळे ते कलम मुद्दाम विचारा. कुलूप नसलेल्या गाडीतून झालेली चोरीही साधारणपणे वगळलेली असते.

रक्कम ठरवताना प्रीमियम वाचवायला जाऊ नका. समजा आज तसाच नवा पंप घ्यायला ५ लाख लागतात आणि तुम्ही विमा अडीच लाखांचाच काढला. १ लाखाचं नुकसान झालं तर कंपनी म्हणेल, निम्म्याचाच विमा आहे, म्हणून निम्मेच ५० हजार. याला सरासरीचं कलम म्हणतात आणि ते वस्तूच्या विम्यात सर्रास असतं. त्यातूनही तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम, म्हणजे एक्सेस, वजा होते. भरपाई नव्या किमतीने देणार की घसारा कापून, हे पॉलिसी घेतानाच विचारा. दोन वर्षं वापरलेल्या पंपावर या एका उत्तराने मोठा फरक पडतो.

ऑल रिस्क नाव असलं तरी त्यात सगळंच येत नाही. झीज, आपोआप झालेला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक बिघाड, बॅटरी, हळूहळू झालेलं नुकसान हे बाहेर असतं. सेट, रिझर्व्हायर (पंपातली इन्सुलिनची कुपी), सेन्सर (शुगर मोजणारा) हा दर महिन्याचा खर्चही कोणत्याच वस्तूविम्यात येत नाही. सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो आणि त्याचे पैसे घरातूनच जातात. ते हिशेबात वेगळे धरा, विम्याकडून अपेक्षा ठेवू नका.

आपल्या उन्हाचं काय?

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. बहुतेक पंप साधारण ४० अंशांपर्यंत चालतील असे बनवलेले असतात. जलद इन्सुलिन ३७ अंशांच्या वर तापलं तर टाकून द्यायला कंपन्याच सांगतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत पंप ठेवला आणि स्क्रीन गेली तर वॉरंटीवाले म्हणतील ठरलेल्या तापमानाबाहेर वापरला, विमावाले म्हणतील हा अपघात नव्हे. दोन्हीकडून हात रिकामे. त्यामुळे उन्हाळ्यात पंप कपड्यांच्या आत, सुती पाऊचमध्ये ठेवा. दुपारी शेतात जायचंच असेल तर रिझर्व्हायर थोडाच भरा आणि लवकर बदला. शुगर कारण नसताना चढत राहिली तर आधी इन्सुलिनवर संशय घ्या. घरातलं जादा इन्सुलिन वीज गेली तर माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवायची आपल्याकडची रीत चांगली आहे, ती सोडू नका.

नुकसान झालं त्या दिवशी

आधी शरीर, मग कागद. पंप बंद पडल्याबरोबर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या डोसप्रमाणे पेनने इन्सुलिन सुरू करा, शुगर आणि किटोन तपासा. यासाठी लांब चालणाऱ्या इन्सुलिनचं पेन घरात कायम हवं आणि पंपावरून पेनवर जायचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेला हवा. पंपातले बेसलचे (दिवसभर सतत जाणाऱ्या इन्सुलिनचे) दर, कार्बचं प्रमाण (किती कर्बोदकांना किती इन्सुलिन), दुरुस्तीचा आकडा (चढलेली शुगर उतरवायला किती) हे सगळं कागदावर उतरवून फ्रिजच्या दारावर चिकटवा. पंप चाकाखाली गेला की सेटिंग्जही त्याच्याबरोबर जातात, आणि नवा पंप आल्यावर शून्यापासून सुरुवात करावी लागते. क्लेम मंजूर व्हायला वेळ लागतो. तेवढे दिवस मूल पेनवर राहणार, हे धरूनच चाला. पंप कंपनीकडे तात्पुरता पंप मिळतो का तेही विचारा.

मग त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल किंवा टोल फ्री क्रमांकावर कळवा आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. चोरी असेल तर पोलीस ठाण्यात एफआयआर करा. नुसत्या साध्या अर्जावर पोहोच घेऊन परत येऊ नका. फुटलेल्या पंपाचे फोटो जागेवरच काढा, मागचं सिरियल नंबरचं स्टिकर वाचता येईल असा एक फोटो त्यात हवाच. अमळनेरच्या त्या पंपाचं स्टिकर निम्मं फाटलं होतं. त्या वेळी कामी आलं ते खरेदीचं बिल आणि खोक्याचं झाकण, ज्यावर तोच नंबर छापलेला होता. खोकं टाकू नका.

इथे एक पेच हमखास येतो. पंप कंपनी सवलतीत बदली पंप देते तेव्हा जुना परत मागते. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) मात्र तोच जुना पंप बघायला मागणार असतो. आधी सर्व्हेअरला दाखवा, त्याची तपासणी झाल्याचं ईमेलवर घ्या आणि विमा कंपनीच्या परवानगीनेच जुना पंप परत पाठवा. हा क्रम उलटा झाला तर ‘वस्तू तपासणीसाठी उपलब्ध नाही’ असं पत्र येतं, आणि ते पत्र खोडून काढणं फार अवघड जातं. पंपाचा डेटा शेवटचा कधी अपलोड झाला त्याचा अहवालही जोडा. पंप त्या दिवसापर्यंत चालू होता याचा तो चांगला पुरावा असतो.

आपोआप बिघडलेल्या पंपासाठी वॉरंटी असते, साधारण ४ वर्षांची. तिथे विम्याकडे जायचंच नाही, थेट पंप कंपनीकडे जा. वॉरंटी संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्याआधी काही शंका असेल ती नोंदवून टाका.

रेल्वे आणि सरकारी नोकरीतली घरं

भुसावळला रेल्वेची घरं खूप आहेत, म्हणून एवढंच: तुमचा मार्ग विमा नाही, विभागाची वैद्यकीय सुविधा आहे. पंप विकत घेऊन मग बिल टाकू नका. आधी रेल्वे रुग्णालयातून तज्ज्ञांची शिफारस आणि लेखी पूर्वपरवानगी मागा. राज्य सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांनीही तसंच करावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कार्डावर पंप मिळेल या आशेवर कोणी थांबलं असेल तर ती योजना दाखल रुग्णांच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे हे लक्षात घ्या. केटोॲसिडोसिससारख्या वेळी कार्ड सोबत ठेवून रुग्णालयात चौकशी जरूर करा.

सगळं बरोबर असूनही नाकारलं तर

कंपनीने क्लेम नाकारताना पॉलिसीतलं नेमकं कलम सांगायला हवं. ‘अटींनुसार देय नाही’ एवढंच लिहिलं असेल तर कलम क्रमांक मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. समाधान झालं नाही तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

त्यापुढे विमा लोकपाल. खान्देशातल्या तक्रारी पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचे वाद तिथे चालतात. कंपनीला आधी लेखी तक्रार दिलेली हवी आणि तिचं अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. एक महिन्यात उत्तरच आलं नाही तरी जाता येतं. तक्रार लिहिताना मुलाला किती त्रास झाला हे चार पानं लिहू नका, ते सगळं मनापासूनचं असलं तरी. पहिल्याच परिच्छेदात कलम क्रमांक, तुमचं म्हणणं आणि कोणता कागद ते सिद्ध करतो हे लिहा. जळगाव, धुळे, नंदुरबार इथे जिल्हा ग्राहक आयोगही आहेत आणि तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पण एकाच प्रकरणासाठी लोकपाल आणि आयोग दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. मी आधी लोकपालाकडे जायला सांगते, कारण तिथला निवाडा तुम्हाला मान्य नसेल तर आयोगाचा रस्ता उरतो, आणि कंपनीवर मात्र तो बंधनकारक असतो.

पहिल्या वर्षी नीट होतं, पुढच्या वर्षी पुन्हा अडतं

वॉरंटीत पंप बदलून मिळाला की नव्या पंपाचा सिरियल नंबर वेगळा असतो. पॉलिसीत जुनाच राहतो. वर्षभराने काही झालं तर ‘ही वस्तू आमच्याकडे विम्यात नाही’ असं उत्तर येतं, आणि ते कागदावर बरोबर असतं. बदली पंप हातात आला त्याच आठवड्यात शाखेत बदलाचं पत्र आणि डिलिव्हरी चलन द्या आणि एंडॉर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची नोंद) लेखी घ्या.

रिन्यूअलच्या वेळी एजंट फक्त रक्कम सांगतो आणि आपण ती भरतो. पैसे भरण्याआधी शेड्यूलचं (विम्यातल्या वस्तूंच्या तपशिलाचं) पान मागवा. पंपाची ओळ, सिरियल नंबर, ‘भारतात सर्वत्र’ हे शब्द आणि रक्कम, या चार गोष्टी जशाच्या तशा आहेत का बघा. पॅकेज पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे नेली तर ऑल रिस्कचा विभाग बऱ्याचदा तिकडेच राहतो आणि नव्या कागदावर येतच नाही. रिन्यूअलला एक दिवस जरी उशीर झाला तर त्या दिवसातलं नुकसान कोणाचंच नसतं, त्यामुळे तारीख दिवाळी-उन्हाळ्याच्या प्रवासात येत असेल तर पंधरा दिवस आधीच भरून टाका. आरोग्य विमा आणि पंपाचा विमा या दोन्हींच्या तारखा, वॉरंटीची तारीख आणि सध्याचा सिरियल नंबर एका कागदावर लिहून सेटिंग्जच्या कागदाशेजारी फ्रिजवरच लावा, म्हणजे घरात तुम्ही नसलात तरी आजीला किंवा मोठ्या भावाला फोनवर नंबर वाचून दाखवता येईल.